डिलीट केलं म्हणजे गेलं का?



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण बाई निबंध फळ्यावर लिहून द्यायच्या आणि आम्ही तो पाठ करायचो. त्यामुळे स्वतःच्या मनाने मराठीत इतकं मोठं काही लिहिण्याची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. "मराठी विभागात कविता सतरा आल्या आहेत आणि टेक्निकल लेख एकही नाही," असं म्हणून संपादक मंडळाने मला मेसच्या लाइनीत पकडलं, आणि नाही म्हणायला जागा उरली नाही.

विषय शोधावा लागला नाही, कारण तो मागच्या सेमिस्टरला माझ्याच बाबतीत घडला होता.

सबमिशनचा आठवडा चालू होता. तो कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या खोलीतली एसईची मुलगी रात्री आली आणि म्हणाली, "ताई, पेन ड्राइव्ह देतेस? उद्या सेमिनार आहे." माझ्याकडे १६ जीबीचा एक जुना पेन ड्राइव्ह होता. त्यात माझं बरंच काही पडलेलं होतं, पण मी शहाणी मुलगी. आधी हवं ते लॅपटॉपवर कॉपी केलं, मग राइट क्लिक, फॉरमॅट, ओके. पाच सेकंदांत पेन ड्राइव्ह रिकामा! कोरा करकरीत पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला आणि निर्धास्त झोपले.

दोन दिवसांनी रात्री अकराला दारावर टकटक. तीच मुलगी. चेहरा उतरलेला. "ताई, जरा बाहेर येतेस?" कॉरिडॉरमध्ये येऊन ती हळूच म्हणाली, "माझं प्रेझेंटेशन चुकून डिलीट झालं होतं. रूममेटने रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून दिलं. माझी फाइल मिळाली, पण त्याबरोबर तुझ्यापण खूप फाइल्स आल्यात. नावं नसतात ना त्यांना, त्यामुळे माझी शोधताना तुझ्या दोन-तीन उघडल्या गेल्या. सॉरी ताई."

त्या दोन-तीन फाइल्समध्ये काय होतं ते शेवटी सांगते. आधी हे घडलं कसं ते समजून घेऊ. आपण सगळे इंजिनिअर होणार आहोत, आणि तरी आपल्यापैकी निम्म्यांना डिलीटचं बटण दाबल्यावर आत काय होतं ते माहीत नसतं. मलाही नव्हतं.

१. हॉस्टेलचं रजिस्टर

थोडं टेक्निकल होईल, पण झोपू नका.

समजा, तुमचा पेन ड्राइव्ह म्हणजे आपलं हॉस्टेल. खोल्या म्हणजे डेटा ठेवायच्या जागा, त्यांना क्लस्टर म्हणतात. आणि रेक्टर मॅडमच्या टेबलावर एक रजिस्टर आहे. कोणती मुलगी कोणत्या खोलीत, कोणती खोली रिकामी, हे सगळं त्यात. पेन ड्राइव्हवर बहुतेक वेळा जी फॅट ३२ नावाची पद्धत असते, तिच्यातलं 'फॅट' म्हणजे फाइल ॲलोकेशन टेबल. शब्दशः वाटपाचं रजिस्टरच की!

आता तुम्ही फाइल डिलीट करता तेव्हा काय होतं? तुम्हाला वाटतं, शिपाई खोलीत जातो, गादी गुंडाळतो, सामान बाहेर काढतो, झाडून घेतो. तसं काही होत नाही. रेक्टर मॅडम फक्त रजिस्टरमधल्या नावावर काट मारतात. फॅट ३२मध्ये फाइलच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा आकडा लिहिला जातो (हेक्समध्ये ई-५), आणि टेबलमध्ये त्या खोल्यांसमोर शून्य, म्हणजे 'रिकामी', अशी नोंद होते. बस्स. खोलीतलं सामान जसंच्या तसं. नवीन मुलगी त्याच खोलीत राहायला आली तरच जुनं सामान हलतं. नाही आली, तर ते तिथेच पडून राहतं. महिनाभर, वर्षभर, कितीही दिवस.

विंडोजच्या हार्ड डिस्कवर एनटीएफएस ही पद्धत असते. तिथलं रजिस्टर वेगळं आहे, पण काट मारण्याचा प्रकार तोच. आणि पेन ड्राइव्हच्या बाबतीत विंडोज सहसा रीसायकल बिनही वापरत नाही. म्हणून आपल्याला वाटतं की डिलीट केलं ते कायमचंच गेलं.

मग फॉरमॅट? इथे माझी चूक झाली. फॉरमॅटच्या खिडकीत 'क्विक फॉरमॅट' अशी एक चौकट असते आणि तिच्यावर आधीच टिक केलेली असते. क्विक फॉरमॅट म्हणजे जुनं रजिस्टर फेकून नवीन कोरं रजिस्टर उघडायचं. खोल्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ती टिक काढली तर मात्र पूर्ण फॉरमॅट होतो, म्हणजे प्रत्येक खोलीत जाऊन शून्यं भरली जातात. हेसुद्धा विंडोज व्हिस्टापासून. त्याआधीच्या एक्सपीमध्ये पूर्ण फॉरमॅटसुद्धा फक्त खराब जागा तपासायचा, डेटा तसाच ठेवायचा.

खरं सांगू? हे न वाचताही माझ्या लक्षात यायला हवं होतं. साधा हिशेब आहे. १६ जीबी पाच सेकंदांत पुसायचे तर सेकंदाला तीन जीबीहून जास्त वेगाने लिहावं लागेल. माझा पेन ड्राइव्ह यूएसबी २.०चा. त्याची कागदावरची कमाल मर्यादाच सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात तर सेकंदाला १० मेगाबाइट मिळाले तरी नशीब. त्या वेगाने १६ जीबी भरायला १,६०० सेकंद, म्हणजे जवळजवळ २७ मिनिटं लागतील. जे काम व्हायला २७ मिनिटं लागतात ते पाच सेकंदांत झालं, म्हणजे ते झालंच नाही! लॅबमध्ये एवढं चुकीचं रीडिंग आलं असतं तर मी जर्नलमध्ये लिहिलंही नसतं. पण स्क्रीनवर 'फॉरमॅट कम्प्लीट' आलं की आपण विश्वास ठेवतो.

२. रजिस्टर न बघता शोधणारे

त्या मुलीच्या रूममेटने जे सॉफ्टवेअर लावलं त्याचं नाव फोटोरेक. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि नावात फोटो असलं तरी शेकडो प्रकारच्या फाइल्स परत आणतं. हे कसं काम करतं ते फार मजेशीर आहे.

फोटोरेक रजिस्टर मागतच नाही. ते सरळ एकेका खोलीचं दार उघडून सामान बघत जातं. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक असते. जेपेग फोटो असेल तर पहिले तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ असे असतात. पीडीएफ असेल तर सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ हीच अक्षरं. झिप फाइलची सुरुवात पी आणि के या अक्षरांनी होते. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. आणि आपली हल्लीची वर्ड आणि पॉवरपॉइंटची फाइल आतून झिपच असते. तर अशी ओळखीची खूण दिसली की फोटोरेक म्हणतं, 'इथे फाइल आहे', आणि ती उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. याला फाइल कार्व्हिंग म्हणतात.

यात फाइलची मूळ नावं हरवतात, कारण नावं रजिस्टरमध्ये होती. म्हणून सगळ्या फाइल्स 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा अशा नावांनी येतात. आपली कुठली ते बघायला एकेक उघडावी लागते. म्हणजे त्या बिचारीने मुद्दाम काही वाचलं नाही. तिला दुसरा मार्गच नव्हता.

आता या सॉफ्टवेअरला चांगलं म्हणायचं की वाईट? माझं मत असं की ते एकदम चांगलं आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री ज्याची फाइल उडाली आहे त्याला विचारा. त्याने फक्त तिथे असलेली वस्तू दाखवली. लपवलंय असं समजून उघड्यावर ठेवणारी मी होते.

३. जुन्या हार्ड डिस्क विकत घेणारे दोघं

हे फक्त माझ्याच बाबतीत झालं असं समजू नका. एमआयटीच्या सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोन विद्यार्थ्यांनी २००० ते २००२ या काळात सेकंडहँड हार्ड डिस्क विकत घ्यायला सुरुवात केली. एकूण १५८ डिस्क घेतल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या. त्यांनी त्या तपासल्या, तेव्हा नीट पुसलेल्या डिस्क फक्त १२ होत्या! बाकीच्यांमध्ये लोकांची पत्रं, औषधपाण्याची माहिती, आणि हजारो क्रेडिट कार्डांचे नंबर. एक डिस्क तर एटीएम मशीनमधली होती. २००३ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. विकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी फाइल्स डिलीट केल्या होत्या किंवा डिस्क फॉरमॅट केली होती. म्हणजे त्यांनीही माझ्यासारखंच 'काम झालं' असं समजून निर्धास्त झोप काढली असणार.

एक गोष्ट मात्र त्या काळापासून बदलली आहे, तीही सांगायला हवी. आपल्या लॅपटॉपमध्ये हल्ली एसएसडी असते. विंडोज ७पासून तिच्यासाठी ट्रिम नावाची सोय आहे. फाइल डिलीट झाली की विंडोज डिस्कला कळवतं, 'ही जागा आता नको', आणि डिस्क आपल्या सवडीने ती साफ करते. त्यामुळे एसएसडीवर डिलीट झालेली फाइल बहुतेक वेळा परत मिळत नाही. नवीन अँड्रॉइड फोनमध्येही डेटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असतो. अँड्रॉइड १०पासून नवीन फोनना ते बंधनकारकच झालं. फॅक्टरी रीसेट केला की किल्लीच नष्ट होते. पण पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि जुन्या हार्ड डिस्क यांचं काय? त्या अजूनही रजिस्टरवरच चालतात. आणि हॉस्टेलमध्ये हातोहात फिरतात त्या नेमक्या याच वस्तू.

४. 'क्लीनर' नावाचे पाहुणे

हा प्रकार झाल्यावर मी घाबरून गूगलवर शोधायला बसले आणि 'सगळं साफ करून देतो' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरची जत्राच दिसली. एक क्लिक करा, कॉम्प्युटर वेगवान, प्रायव्हसी सुरक्षित! अशा युटिलिटींबद्दल माझं मत आता बरंच बदललं आहे.

सीक्लीनर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असेल. खूप लोकप्रिय आणि तसं उपयोगी सॉफ्टवेअर. पण २०१७ साली काय झालं? ते बनवणाऱ्यांच्या यंत्रणेतच हॅकर्स शिरले आणि ५.३३ या आवृत्तीत त्यांनी आपला प्रोग्राम मिसळला. कंपनीच्या खऱ्या वेबसाइटवरून, कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीनिशी, जवळजवळ महिनाभर ते लोकांच्या मशीनवर जात राहिलं. सुमारे २२.७ लाख कॉम्प्युटरवर ते पोचलं होतं. कॉम्प्युटरचं नाव, त्यावर कुठली सॉफ्टवेअर आहेत, काय चालू आहे, अशी माहिती गुपचूप बाहेर जात होती. घर साफ करायला बोलावलेल्या बाईच्या पिशवीत कुणीतरी दुसऱ्यानेच आपला हेर बसवून पाठवावा, तसं झालं हे.

मोबाइलवर तेच. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने आयटी कायद्याच्या कलम ६९-अ खाली ५९ ॲप्सवर बंदी घातली. सगळ्यांच्या लक्षात राहिलं टिकटॉक. पण ती यादी पुन्हा वाचा. शेअरइट, झेंडर, कॅमस्कॅनर, ईएस फाइल एक्स्प्लोरर, क्लीन मास्टर, व्हायरस क्लीनर. फाइल पाठवायचं, कागद स्कॅन करायचं, फोन साफ करायचं. म्हणजे युटिलिटी म्हणतात तीच सगळी. आमच्या घरात बाबांच्या फोनवर यातली चार होती. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद घाला, मी त्यात पडत नाही. मला एवढंच दिसलं की ज्या ॲपला आपण सगळ्या फाइल्स वाचायची परवानगी देतो, त्याच ॲपबद्दल आपण सर्वांत कमी चौकशी करतो. गेम टाकताना चार मित्रांना विचारतो. स्कॅनर टाकताना पहिलं दिसेल ते टाकतो, आणि मग त्याच्यातूनच आधार कार्ड स्कॅन करतो.

आणि '३५ वेळा पुसतो' असं मिरवणारी सॉफ्टवेअर असतात, त्यांचाही किस्सा ऐका. हा ३५चा आकडा पीटर गटमन यांच्या १९९६च्या पेपरमधला. त्या काळच्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्क धरून त्यांनी तो दिला होता. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की आधुनिक डिस्कवर सगळे ३५ फेरे मारण्यात अर्थ नाही. आजच्या हार्ड डिस्कला एक नीट फेरा पुरतो. पण जाहिरातीत ३५ भारी दिसतं ना! मोठा आकडा बघून खूश होणं हे इंजिनिअरला शोभत नाही.

माझा नियम आता साधा आहे. जे काम विंडोजमध्ये आधीच आहे त्यासाठी बाहेरचं सॉफ्टवेअर नको. डिस्कवर जागा करायला विंडोजचं स्वतःचं स्टोरेज सेन्स आहे. रजिस्ट्री क्लीनरच्या भानगडीत पडायचंच नाही, मायक्रोसॉफ्टही त्यांना पाठिंबा देत नाही. आणि बाहेरचं घेतलंच तर 'हे नेमकं काय करतं' हे मला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते घ्यायचं नाही.

५. शेअरिंग म्हणजे नक्की काय देतो आपण?

शेअरिंग हा हॉस्टेलचा प्राण आहे. साबण, बादली, जर्नल, नोट्स, नेटफ्लिक्सचा पासवर्ड. जगात फाइल शेअरिंग गाजवलं तेही एका कॉलेजच्या पोरानेच. १९९९मध्ये नॅप्स्टर आणणारा शॉन फॅनिंग बॉस्टनमधल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीत शिकलेला. कॉपीराइटच्या खटल्यांमुळे २००१मध्ये ते बंद पडलं, पण सवय लागली ती लागलीच.

आमच्या लॅबचे एक सर कॉलेजच्या दिवसांत हॉस्टेललाच होते. ते सांगतात, त्या वेळी लॅनवर डीसी प्लस प्लस चालायचं. हबवर यायचं तर ठरावीक जीबी शेअर करावे लागायचे. तेवढं पोरांकडे नसायचं. मग काय, सरळ अख्खी डी ड्राइव्ह शेअर करायची! त्यात सिनेमेही गेले आणि कुणाचा बायोडेटा, कुणाची पत्रं, कुणाचे घरचे फोटोही गेले. नियम होता 'जास्त द्या', त्यामुळे काय देतोय ते बघायला कुणाला वेळच नव्हता.

हे फक्त पोरांच्या आळसामुळे होत नाही. २००२ साली नॅथॅनियल गुड आणि आरन क्रेकलबर्ग या दोन संशोधकांनी कझा या त्या वेळच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरचा अभ्यास केला. १२ जणांना बसवून विचारलं, 'या कॉम्प्युटरवरच्या कुठल्या फाइल्स आत्ता शेअर होताहेत?' बरोबर उत्तर फक्त दोघांना देता आलं. दुसरीकडे, कझावर शोध घेतला तर अनोळखी लोकांची ईमेलची अख्खी इनबॉक्स फाइल मिळत होती. स्क्रीनची रचनाच अशी होती की देणाऱ्याला आपण काय देतोय ते कळू नये.

आज कझा नाही, पण गूगल ड्राइव्हची लिंक आहे. 'एनीवन विथ द लिंक' असं ठेवून आपण ग्रुपवर टाकतो. नंतर त्याच फोल्डरमध्ये कुणीतरी सगळ्यांची आयडी कार्ड टाकतं. फोल्डर उघडा असेल तर त्यात नंतर टाकलेली फाइलसुद्धा उघडीच असते. प्रोजेक्ट संपतो, ग्रुप शांत होतो, लिंक मात्र जागी राहते. आपल्या बॅचच्या दोन वर्षांपूर्वीच्या लिंक एकदा उघडून बघा. मी बघितल्या. पुढचं लिहीत नाही.

आणि व्हॉट्सॲपचं एक लक्षात ठेवा. फोटो म्हणून पाठवलेल्या फोटोमधून कुठे काढला, कधी काढला ही माहिती गळून जाते. पण क्वालिटी चांगली राहावी म्हणून तोच फोटो 'डॉक्युमेंट' करून पाठवला, तर ती माहितीही बरोबर जाते. हॉस्टेलच्या खोलीत बसून काढलेला फोटो असेल आणि कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल, तर पत्ता तुम्हीच कळवला म्हणून समजा.

६. "माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

हे वाक्य मी स्वतः शंभर वेळा बोलले आहे. आता वचन दिल्याप्रमाणे सांगते, त्या फाइल्समध्ये काय होतं.

शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर भरताना किती कागद लागतात ते तुम्हाला माहीत आहे. ते सगळे मी सायबर कॅफेतून स्कॅन करून त्या पेन ड्राइव्हवर आणले होते. उत्पन्नाचा दाखला, पासबुक, आधार. आणि त्याच गठ्ठ्यात चुकून स्कॅन झालेलं एक पत्र होतं. बँकेचं, बाबांच्या नावाने. कर्जाचे हप्ते थकल्याचं.

आमच्या वर्गात माझी ओळख 'कॉन्व्हेंटवाली' अशी आहे. फाडफाड इंग्रजी बोलते म्हणजे घरी सगळं व्यवस्थित असणार, असं सगळ्यांना वाटतं, आणि मी तसं वाटू देते. ट्रिप ठरली की माझ्या मावशीकडे नेमकं लग्न निघतं. दोन वर्षांत माझ्या मावशीकडे चार लग्नं झाली आहेत. बाबांचं दुकान बंद पडलं हे मी इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि ते कळलं कुणाला? पेन ड्राइव्ह मागायला आलेल्या एका ज्युनिअरला, रात्री अकरा वाजता, स्वतःचं प्रेझेंटेशन शोधताना.

त्या रविवारी बाबांना फोनवर सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि एवढंच म्हणाले, "कुणी वाचलं का गं ते?" तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की ते पत्र माझं नव्हतंच. ते बाबांचं होतं. माझ्याकडे लपवण्यासारखं काही असेल नसेल, पण माझ्या पेन ड्राइव्हमध्ये माझं एकटीचं थोडंच असतं? त्यात बाबांची सही असते, आईचे रिपोर्ट असतात, मैत्रिणीचे फोटो असतात. त्यांनी ते मला विश्वासाने दिलेलं असतं. 'मला काही लपवायचं नाही' असं म्हणून मी त्यांच्या वतीने परवानगी देऊन टाकते, आणि त्यांना विचारतही नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टास्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संसदेने संमत केला. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी डेटा हाताळला तर त्याला तो कायदा लागू होत नाही, असं त्यातच लिहिलेलं आहे. बरोबरच आहे, मैत्रिणीने मैत्रिणीला पेन ड्राइव्ह दिला त्यात कायदा कुठे आणणार? म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये हे आपल्यालाच सांभाळायचं आहे. देणाऱ्याने नीट पुसून द्यायचं, आणि घेणाऱ्याला चुकून काही दिसलंच तर त्याने काय करायचं, ते मला त्या मुलीने शिकवलं.

कॉरिडॉरमध्ये मी काहीच बोलत नव्हते, तेव्हा तिने विचारलं, "ताई, लॅपटॉपवरच्या सगळ्या काढून टाकते आणि पेन ड्राइव्ह फुल फॉरमॅट करते. त्याआधी तुला त्यातलं काही हवंय का?" बस्स, एवढंच. पत्राचा विषय नाही, सहानुभूती नाही, नंतर कुणाला कुजबुज नाही. सेमिस्टर संपलं तरी नाही.

७. एवढं तरी करा

१. पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड दुसऱ्याला देण्याआधी क्विक फॉरमॅटची टिक काढा. वेळ लागेल. फॉरमॅट लावा आणि मेसला जाऊन या. फ्लॅश मेमरी काही जागा स्वतःकडे राखून ठेवते, त्यामुळे हा उपाय शंभर टक्के नाही. पण फोटोरेकसारख्या सॉफ्टवेअरला पुरून उरतो.

२. दोन पेन ड्राइव्ह ठेवा. एक गावभर फिरणारा, एक फक्त कागदपत्रांचा. दुसरा कुणालाही द्यायचा नाही, अगदी बेस्ट फ्रेंडलासुद्धा.

३. कागदपत्रं ठेवायची तर कुलूप लावून ठेवा. सेव्हन-झिप फुकट आहे. पासवर्ड घाला आणि फाइलची नावंही लपवायची टिक करा. अख्ख्या ड्राइव्हला कुलूप हवं असेल तर व्हेराक्रिप्ट वापरा. मात्र पासवर्ड विसरलात तर कुणीही काढून देणार नाही, हेही लक्षात ठेवा.

४. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून झाली की डेस्कटॉप आणि डाउनलोड फोल्डरमधली आपली फाइल शिफ्ट-डिलीट करून मगच निघा. डिलीट म्हणजे काय ते आता तुम्हाला माहीत आहे, म्हणून मुळातच कमी द्या. आधारची गरज असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं का ते आधी विचारा.

५. प्रोजेक्ट संपला की ड्राइव्हची लिंक बंद करा. सेमिस्टरच्या शेवटी तासभर यासाठी ठेवा.

६. स्वतःची फाइल उडाली तर त्या ड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नका. रिकव्हर केलेल्या फाइल्सही दुसऱ्या डिस्कवर ठेवा, नाहीतर आपणच आपल्या जुन्या सामानावर नवीन बिऱ्हाड आणून बसवू.

७. दुसऱ्याची फाइल दिसली तर बंद करा, त्याला सांगा, पुसून टाका. आणि विसरून जा.

जानेवारीत परत ट्रिप ठरली. ग्रुपमध्ये विचारलं तेव्हा मी म्हणाले, "यंदा नाही जमणार, पैसे नाहीत." दोघी-तिघी गप्प झाल्या. मग एकजण म्हणाली, "माझ्याकडेपण नाहीत यार." मावशीकडचं पाचवं लग्न रद्द झालं.

असो. लेख लांबला. पटलं तर आजच ड्रॉवरमधला जुना पेन ड्राइव्ह बाहेर काढा. पटलं नाही तर तोच घेऊन माझ्या खोलीवर या, फोटोरेक लावून दाखवते. फक्त फाइल्स तुमच्या तुम्ही उघडायच्या. मी तोंड फिरवून बसेन.